ब्राउझरमधला काळ आणि त्याचे नियंत्रण

वेबपानावरचे ॲनिमेशन म्हणजे काळानुसार बदलणारे आकडे: जागा, रंग, पारदर्शकता. हा काळ ब्राउझरचे इंजिन मोजते. त्यातली ‘टाइमलाइन’ पान उघडू लागल्यापासूनचे मिलिसेकंद सांगते. पडदा सेकंदाला 60 वेळा रंगवला जात असेल, तर साधारण दर 16.7 मिलिसेकंदांनी हा आकडा एकदाच वाचला जातो आणि त्या फ्रेममधली सगळी ॲनिमेशन तोच वापरतात. म्हणूनच त्यांचा मेळ टिकतो.

ॲनिमेशन कुठवर आले हे काढण्यासाठी टाइमलाइनच्या वेळेतून आरंभवेळ वजा करून बाकीला वेगाने गुणतात. वेग 0.5 म्हणजे निम्मी गती, उणे 1 म्हणजे उलटी. थांबवताना इंजिन आरंभवेळ पुसते आणि गाठलेला क्षण धरून ठेवते. पुन्हा सुरू करताना त्या क्षणाशी जुळणारी नवी आरंभवेळ काढते. खरी कसोटी इथे लागते. सरकणे, विरणे यांसारखे बदल बहुधा वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर, चालतात. थांबण्याचा हुकूम तिथे उशिरा पोचला, तर चित्र उडी मारते.

काळ हाताळण्याची ही ओढ जुनीच. चित्रपटकार दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची अनेक दिवसांची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून पडद्यावर अल्पावधीत दाखवली होती.

ब्राउझरच्या इंजिनाच्या चाचण्यांमध्येही खरे घड्याळ बाजूला ठेवून काळ हवा तेवढाच पुढे सरकवतात. त्यामुळे प्रत्येक वेळी नेमकी तीच फ्रेम तपासता येते. 2023 मध्ये आलेल्या क्रोम 115 पासून तर घड्याळाऐवजी पानाचे स्क्रोलिंगही टाइमलाइन म्हणून वापरता येते.