बत्तीस झाकणं, चौसष्ट घरं

आज खर्डीहून आम्ही एका खेळाविषयी बोलणार आहोत.

मागच्या बैठकीत गटातल्या एकीची लेक म्हणाली, "शाळेत बुद्धिबळाचा पट एकच. मुलगे बसले की उठत नाहीत. आमचा नंबरच लागत नाही." आम्ही म्हटलं, मग पट आपणच करू.

खोक्याचा पुठ्ठा घेतला. दोन-दोन इंचांची आठ ओळींत आठ, म्हणजे 64 घरं आखली. एकाआड एक घर स्केचपेननं काळं केलं. बाटल्यांची 32 झाकणं जमवली, 16 पांढरी आणि 16 रंगीत. प्रत्येक रंगाच्या झाकणांवर लिहिलं: एक राजा, एक वजीर, दोन हत्ती, दोन घोडे, दोन उंट, आठ प्यादी.

झाकणांचा खेळ म्हणून हसू नका. चीनमधल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या अशाच असतात, गोल चकत्या आणि वर नाव. त्या घरात नाही, आपल्या नवकंकरीसारख्या रेषा मिळतात तिथं मांडतात. पटाच्या मधोमध नदी असते आणि त्यांचा हत्ती ती ओलांडत नाही!

आपला पट असा मांडा. प्रत्येकीच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं हवं. दोन्ही कोपऱ्यांत हत्ती, शेजारी घोडे, मग उंट. मधे राजा आणि वजीर, वजीर आपल्या रंगाच्या घरात. पुढच्या ओळीत प्यादी. हत्ती सरळ चालतो, उंट तिरका, वजीर दोन्हीकडे, घोडा अडीच घरं, राजा एकच घर. प्यादं एक घर पुढे जातं, पहिल्या चालीला हवं तर दोन. मारताना मात्र तिरकं. शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा वजीर करता येतो. समोरच्या राजाला सुटायला वाट उरली नाही, की मात.

घरात स्मार्टफोन असेल तर लिचेस नावाचं मोफत अ‍ॅप आहे. त्यात जाहिराती नाहीत, आणि जोडीला कोणी नसेल तर फोनशीच खेळता येतं.

नंबर न लागण्याची गोष्ट जुनीच आहे. 1976 साली मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी ठरवून दिलं, की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बायकांना अडवता येणार नाही. पुढे 2025 च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं वयाच्या 19 व्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली.

आपल्या सगळ्या लेकी काही विश्वचषकाला जाणार नाहीत. पण चाल करण्याआधी थांबून विचार करायची सवय त्यांना लागेल, आणि आपल्यालाही. तेव्हा पुढच्या बैठकीला एक पुठ्ठा आणि झाकणं घेऊन या. पट घरचा असला, की नंबर लावावा लागत नाही.