वाघबकरीच्या पटावर वाघच जिंकतो?

आमच्या बुलडाण्याकडे पारावरच्या फरशीवर कोळशाने उभ्या-आडव्या-तिरप्या रेघा ओढल्या, चार खडे नि मूठभर चिंचोके गोळा केले की वाघबकरीचा डाव मांडला जाई. हाच पट जुन्या देवळाच्या ओट्यावर दगडात कोरलेला दिसला, की मात्र कुजबुज सुरू होते: ‘गुप्तधनाची खूण आहे!’

तसं काही नसतं. राखणदार, गुराखी, वाटसरू यांनी वेळ काढायला कोरलेला तो खेळ. त्याखाली पहार घातली तर हाती धन येत नाही, देवळाचा दगड तेवढा फुटतो. देऊळ बाराव्या शतकातलं म्हणून पटही तेव्हाचाच, हेही खरं नव्हे; रेघा नंतर कोणीही कोरू शकतो.

सगळ्यात घट्ट बसलेला समज म्हणजे, वाघ बलवान म्हणून डाव त्याचाच. वाघांची संख्या गावागणिक बदलते, पण नेपाळमधल्या ‘बाघचाल’ या अशाच खेळाचा हिशोब पक्का झाला आहे. तिथे २५ घरं, ४ वाघ, २० बकऱ्या. बकरीच्या पलीकडचं घर रिकामं असेल तरच वाघ उडी मारून तिला खातो. म्हणजे बकरीचं रक्षण तिच्या पाठीला लागून बसलेली दुसरी बकरी करते. पाच बकऱ्या गेल्या तर वाघ जिंकला. चारही वाघ कोंडले गेले तर बकऱ्या. लिम यू जिन आणि युर्ग निव्हरगेल्ट या संगणकशास्त्रज्ञांनी संगणकावर हा डाव तपासून सिद्ध केलं, की दोघेही न चुकता खेळले तर तो बरोबरीत सुटतो. लहानपणी वाघ घेण्यासाठी भांडणाऱ्या आम्हा पोरांना हे कोणी सांगायला हवं होतं.

पटावरचे खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा नाद, असंही म्हणतात. पण कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात बुद्धिबळ, फासे आणि कवड्यांचे डाव राजाच्या करमणुकीत मोजले आहेत.

असे पट दूरदेशीही होते. अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतले झुनी लोकही दगडावर पट कोरून समोरच्याची सोंगटी उडी मारून मारत. मानववंशशास्त्रज्ञ स्ट्युअर्ट क्यूलिनने १९०७ मध्ये त्यांच्या खेळांची नोंद छापली. त्यावरून आपले पूर्वज तिकडे गेले, असं ठरवू नये. २५ घरांचा, १२-१२ सोंगट्यांचा ‘अल्केर्के’ स्पेनमध्ये १२८३ च्या पोथीत आहे, आणि स्पॅनिश लोक १५४० मध्ये झुनींच्या गावांत पोचले होते; खेळ त्यांच्याबरोबरही तिकडे गेला असू शकतो.

गावच्या देवळात असा पट असेल, तर त्यावर ऑइलपेंट फासू देऊ नका. फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.