जुन्या संगणकावरील न्याहाळकाचे अयशस्वी अद्ययावतीकरण

न्याहाळकाचे अयशस्वी अद्ययावतीकरण म्हणजे आंतरजाल न्याहाळकाची (वेब ब्राउझर) नवी आवृत्ती संगणकावर न उतरणे, अर्धवट बसणे किंवा बसल्यानंतर सुरूच न होणे. जुन्या संगणकांवर ही अडचण वारंवार आढळते. अनेकदा तो बिघाड नसतो. निर्मात्यांनी त्या संचालन प्रणालीचे (ऑपरेटिंग सिस्टिम) समर्थन थांबवलेले असते.

== कारणे ==
मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चे विस्तारित समर्थन १४ जानेवारी २०२० रोजी संपवले. गुगल क्रोमची १०९ ही त्या प्रणालीवर चालणारी शेवटची आवृत्ती होय. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीस किमान विंडोज १० लागते. मोझिला फायरफॉक्सच्या बाबतीत ही मर्यादा ११५ व्या विस्तारित समर्थन आवृत्तीवर येते. विंडोज एक्सपी व व्हिस्टावर क्रोम ४९ आणि फायरफॉक्स ५२ यांपुढे जाता येत नाही. अशा वेळी नवी आवृत्ती पुन्हापुन्हा उतरवून काहीच साध्य होत नाही.

प्रक्रियकही आड येऊ शकतो. २०२१ मधील क्रोम ८९ पासून एसएसई३ हा आज्ञासंच नसलेले प्रक्रियक वगळण्यात आले. ३२ बिटच्या प्रणालीवर ६४ बिटचा न्याहाळक चालत नाही, हेही तपासावे लागते.

संगणकाचे घड्याळ हे सहज दुर्लक्षिले जाणारे कारण आहे. मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली की दर वेळी तारीख काही वर्षे मागे जाते. सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत संगणकाच्या तारखेवरून तपासली जात असल्याने वैध प्रमाणपत्रेही नाकारली जातात व अद्यतन उतरतच नाही. तारीख दुरुस्त करून बॅटरी बदलल्यास हा प्रश्न सुटतो. याखेरीज अपुरी मोकळी जागा, प्रतिविषाणू प्रणालीचा अडथळा किंवा पार्श्वभूमीत चालू राहिलेला न्याहाळक हीदेखील कारणे असतात.

== माहितीचे जतन ==
न्याहाळक काढून पुन्हा बसवण्याचा उपाय घाईने केला जातो. त्याआधी वापरकर्त्याची माहिती सुरक्षित करणे अगत्याचे आहे. फायरफॉक्समध्ये वाचनखुणा, इतिहास आणि परवलीचे शब्द कार्यक्रमापासून वेगळ्या 'प्रोफाइल' फोल्डरमध्ये असतात. न्याहाळक बंद करून हा संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर नकलावा. निवडक धारिका घेण्यात धोका असतो: परवलीचे शब्द एका धारिकेत कूटबद्ध असतात व ते उलगडणारी किल्ली दुसरीत असते. एक गहाळ झाल्यास दुसरी निरुपयोगी ठरते.

नवी आवृत्ती काढून जुनी बसवल्यास वेगळाच गोंधळ उडतो. फायरफॉक्स ६७ (२०१९) पासून, नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडू दिले जात नाही व नवे प्रोफाइल सुचवले जाते. ते रिकामे असल्याने सारे पुसले गेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात जुने प्रोफाइल जागेवरच असते.

== पर्याय ==
समर्थन संपलेला न्याहाळक चालू राहिला, तरी त्यातील नव्याने आढळलेल्या सुरक्षा त्रुटी दुरुस्त होत नाहीत. बँकेच्या व्यवहारांसाठी तो वापरणे असुरक्षित आहे. प्रक्रियक व स्मृती पुरेशी असल्यास त्याच संगणकावर लिनक्सचे हलके वितरण बसवता येते. बहुतेक वितरणे पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता, आधी चालवून पाहता येतात.