दाढ निर्दोष, तरी ठणका

दाढ दुखते म्हणून एक्स-रे काढला, तर कीड नाही. कान दुखतो म्हणून कान दाखवला, तोही साफ. तरी ठणका आहेच. अशा वेळी गालाच्या मागच्या भागावर, कानाच्या थोडं पुढे-खाली बोटं ठेवून दात आवळून पाहा. बोटांखाली टणक होऊन फुगतो तो मॅसेटर. गालफडाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारा हा स्नायू कडक भाकरी, चिक्की, ऊस सगळं चावतो, आणि दुखावला की स्वतःची कळ दाढांत आणि कानात पाठवतो. कानशिलावरचा टेम्पोरॅलिस दुखला तर आपण त्याला डोकेदुखी समजून बाम चोळतो.

या दुखण्याचं खापर फार काळ दातांवर फुटलं. 1934 मध्ये जेम्स कॉस्टन या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञाने मांडलं, की मागच्या दाढा गेल्या की जबड्याची बैठक बिघडते आणि कान-डोकं दुखू लागतं. पुढे अनेकांचे चांगले दात केवळ ‘चाव जुळवायला’ घासले गेले. आता वारं फिरलंय. डिसेंबर 2023 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना छापल्या. दुखरे बिंदू हाताने दाबणं, थेरपिस्टकडून जबडा हलवून घेणं, देखरेखीखाली व्यायाम आणि वर्तनोपचार यांची त्यात ठाम शिफारस आहे. रात्री दातांवर चढवायच्या पट्टीबाबत मात्र हात आखडता घेतलाय. ती दातांची झीज वाचवते हे खरं, पण वेदनेवरचा पहिला उपाय म्हणून ती विकणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत.

मालिश घरीही जमते. आधी ओल्या गरम फडक्याने दहा मिनिटं शेक. मग जबडा सैल सोडून, दात एकमेकांना टेकू न देता, मॅसेटरवर दोन बोटं ठेवा आणि दुखरी जागा शोधा. ‘हेच ते माझं दुखणं’ असं वाटलं की चोळू नका, नुसतं दाबून धरा. दाब किती? तपासताना डॉक्टर साधारण एक किलोचा वापरतात. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोट दाबून त्याचा अंदाज घ्या. आपण जास्त जोर लावत होतो का, हे तिथेच कळेल. थोड्या वेळाने कळ ओसरते, मग बोटं हलकेच खाली ओढायची. नखं कापलेली आणि हात स्वच्छ असतील तर अंगठा गालाच्या आत, बोटं बाहेर ठेवून स्नायू चिमटीत धरता येतो, कणीक मऊ झाली का पाहतो तसा. त्याहून आतले स्नायू फिजिओथेरपिस्टवर सोडा. जबड्याखाली मानेत नाडी लागते, तिथे अजिबात दाबायचं नाही.

‘गाठ फोडून देतो’ म्हणणाऱ्यांपासून मी तरी लांबच राहीन. या दाबाने फुटत काही नाही. स्नायू सैलावतो, मज्जासंस्थेची कुरकुर काही काळ कमी होते. तो काळ टिकवायचा तर दिवसभराची सवय मोडावी लागते. दात एकमेकांना टेकायला हवेत ते चावताना आणि गिळताना. एरवी त्यांच्यात दोन ते चार मिलिमीटरची फट असते. आपण मात्र दुचाकीवर, हिशेब जुळवताना, मोबाइल बघताना अक्षरशः दातओठ खात असतो. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला: एवढी चिठ्ठी कॉम्प्युटरवर चिकटवली तरी मालिशइतकाच फायदा होईल, कदाचित जास्तच.

जबड्यातून नुसता कटकन आवाज येत असेल, दुखत नसेल, तर काही करायची गरज नाही. पण स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत, तिखट झोंबतं आणि सुपारी किंवा गुटख्याची सवय आहे, तर तोंडाचा आतला थरच कडक होत असू शकतो. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी असे रुग्ण येतातच. हा आजार कर्करोगाकडे झुकू शकतो. मालिशमध्ये वेळ घालवू नका. अक्कलदाढेजवळ सूज आणि ताप असेल तरी हात लावायचा नाही. श्रम केल्यावर जबड्यात कळ येऊन घाम फुटला तर थेट हृदयाची तपासणी. आणि वय पन्नाशीच्या पुढे, कानशील नव्यानेच दुखायला लागलंय, दोन घास चावल्यावर जबडा थकतो, नजर धूसर होते, असं असेल तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते. उपचार लांबले तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.