जेवण येईपर्यंत

पत्त्यांचा अख्खा कॅट भिंतीवर भिरकावला जातो. बाकीची पानं खाली विखुरतात, एकच भिंतीला चिकटून राहतं. पाहुण्याने मघाशी काढून परत कॅटात घातलेलं तेच पान! शिकागोत अर्विंग पार्क रोडवरच्या शूलिन कुटुंबाच्या रेस्टॉरंटात हा खेळ चालायचा तो जेवणाच्या टेबलाशी, आणि करायचे मालक मॅट शूलिन. अगडबंब देहाचा, गप्पिष्ट माणूस. त्यांच्या खेळांवर 1959 मध्ये फिलिप विलमार्थ यांनी पुस्तक लिहिलं. त्यांचा दुसरा गाजलेला खेळ म्हणजे काढलेलं पान टेबलावरच्या कापडाखाली सापडणं, तेही गिऱ्हाईकाच्या नाकासमोर. हात कधी चालायचा? हशा पिकला की. खळखळून हसणारा माणूस दोन सेकंद तरी काही पाहत नसतो.

स्टेजवरच्या जादूगाराला पडदा असतो, दिवे असतात, मुख्य म्हणजे अंतर असतं. इथे प्रेक्षक कोपराला लागून बसलेला. टेबलावर ताटं-ग्लासांची दाटी, जादूगार उभा, म्हणून मांडीचा आडोसाही नाही. सगळा संसार खिशांत. आपल्या गारुड्याला यात काही नवल वाटणार नाही. तोही चहूबाजूंनी माणसं घेऊनच बसायचा. पण गारुड्याकडे लोक आपणहून येत. इथे जादूगाराला दुसऱ्याच्या गप्पांत शिरावं लागतं, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड हातचलाखी तीच.

हॉटेलातल्या जादूगाराची वेळ ठरलेली: ऑर्डर गेली आहे, जेवण आलेलं नाही. मालक त्याला पैसे देतो ते याच रिकाम्या मिनिटांसाठी. वेटर वाफाळती डिश घेऊन आला की खेळ अर्ध्यावर असला तरी आवरायचा. नवरा-बायको धुसफुसत असतील तर त्या टेबलाकडे फिरकायचंच नाही. खेळही असे हवेत की पुढच्या टेबलापर्यंत चालता चालता पुन्हा मांडून तयार. म्हणून स्पंजचे लाल गोळे सगळ्यांचे लाडके. एक गोळा आपल्या मुठीत घट्ट धरला आणि उघडल्यावर दोन निघाले, तर किंचाळी आपलीच. शिवाय ओल्या टेबलावर पत्ते फुगतात, स्पंजचे गोळे मुठीतच राहतात.

बारचा काउंटर ही चैनीची जागा. पाठीमागे कुणी नाही, काउंटरच्या आतली बाजू जादूगाराची, आणि घरधनीही तोच. शिकागोत हेबा हाबा अल या नावाने ओळखला जाणारा बारमन-जादूगार याच परंपरेतला. कोलोरॅडोतल्या स्नोमासला टॉवर नावाच्या बारमध्ये डॉक ईसन काउंटरवरच्या कितीतरी जणांची नावं आणि प्रत्येकाने काढलेलं पान लक्षात ठेवायचे.

ईसन यांचा हुकमी खेळ साधा वाटतो. तुमचं पान तुमच्याच ग्लासखाली सापडतं. एकदा फसल्यावर तुम्ही सावध होता. पान पुन्हा ग्लासखाली. मग तुम्ही ग्लासावरची नजर हटवत नाही. शेजारचे खिदळू लागतात, कारण त्यांना ते सरकताना दिसलेलं असतं. शेवटी तुम्ही ग्लास उचलून छातीशी धरता. तेवढ्यात ईसन तुम्हाला नावाने हाक मारून काहीतरी विचारतात. उत्तर देताना तुम्ही ग्लास खाली ठेवता, सवयीने.