पुंगळीचा हिशेब

ह्यूस्टनजवळच्या गॅरेजमध्ये माझा पुतण्या शिसं वितळवतो आणि इकडे हिंगोलीत त्याचे वडील नाक मुरडतात. दादाची नोकरी राज्य राखीव पोलीस बलाच्या हिंगोलीतल्या गट क्रमांक 12 मध्ये आर्मोरर म्हणून गेली. हजारो शस्त्रं त्याच्या हातून उघडली, पुसली, जोडली गेली. काडतूस मात्र त्याने एकही बनवलं नाही. त्याच्या लेखी काडतूस ही कारखान्यातून सीलबंद पेटीत यायची आणि रजिस्टरवर उतरवायची वस्तू. पोरगा तीच घरात बनवतो, हे त्याच्या अजून पचनी पडलेलं नाही.

गोळ्यांचं हे ओतकाम मी पुतण्याकडे राहायला गेलो तेव्हा जवळून पाहिलं. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, त्यामुळे तिथे हा शनिवार-रविवारचा उद्योग आहे. गॅरेजचं शटर वर, पंखा चालू, लहान मुलांना आत मज्जाव. विजेच्या छोट्या भट्टीत शिसं. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, पण साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट उतरावं म्हणून हा ते त्याहून बरंच तापवतो. वर आलेल्या मळीत मेणाचा तुकडा टाकतो, भक्कन जाळ होतो, मग लांब दांड्याच्या चमच्याने ढवळून मळी काढून घेतो. खाली उरतं ते लखलखीत.

नुसतं शिसं चालत नाही. नखाने ओरखडा उठेल इतकं ते मऊ, नळीतून वेगाने गेलं की नळीलाच चिकटून बसतं. म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील हवं. अँटिमनीने कडकपणा येतो, कथिलाने धातू साच्यात नीट पसरतो. पूर्वी हौशी लोक टायरच्या दुकानातून चाकांना लावायची शिशाची वजनं गोळा करत. आता त्यात जस्ताचीही असतात आणि थोडं जस्त मिसळलं तरी अख्खी भट्टी बिघडते. पुतण्याचा खरा खजिना वेगळाच होता: बंद पडलेल्या छापखान्यातल्या लायनोटाइपच्या ओळी. त्यात साधारण 84 टक्के शिसं, 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील. एका पट्टीवरची उलटी इंग्रजी अक्षरं अजून वाचता येत होती. मला आपले खिळे आठवले. छापखान्यातले खिळे, म्हणजे जुळणीची सुटी अक्षरं, तीही याच तीन धातूंची. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना 1869 चा आणि खडकीचा दारूगोळा कारखानाही 1869 चाच. एकाच धातूचे दोन धंदे महाराष्ट्रात एकाच साली उभे राहिले, असं म्हणायचा मोह होतो. योगायोगच तो, पण मला आवडलेला.

साचा अ‍ॅल्युमिनियमचा, दोन पाकळ्यांचा. पहिल्या काही गोळ्या वायाच जातात, कारण साचा थंड असतो आणि गोळीवर सुकलेल्या बोरासारख्या सुरकुत्या पडतात. साचा जास्त तापला तर गोळी दुधी, रवाळ दिसते. या दोहोंच्या मधला वेग सापडला की हात आपोआप चालू लागतो. धातू सोडायचा, वरचा थेंब गोठून त्याची चमक उतरेपर्यंत थांबायचं, लाकडी दांडक्याने वरची पट्टी ठोकून शेपूट तोडायचं, पाकळ्या उघडून गोळी घडी केलेल्या टॉवेलवर टाकायची. एक गोळी साधारण 10 ग्रॅमची. बुडाशी कड तुटलेली असेल तर ती पुन्हा भट्टीत. टोकाला खोट असली तर एक वेळ चालेल, पण बूड समपातळीत नसेल तर गोळी नळीतून सुटतानाच तिरपी होते.

भरण्याचं काम याहून संथ आणि माझ्या मते जास्त धोक्याचं. झाडलेली पुंगळी मापात दाबून घ्यायची, जुनी टोपी, म्हणजे प्रायमर, काढून नवी बसवायची, तोंड जरासं रुंद करायचं, मोजलेली दारू घालायची, गोळी बसवून कड आवळायची. गोळी बसवण्याआधी पुतण्या पन्नास पुंगळ्यांच्या फळीवर टॉर्च मारतो आणि प्रत्येकीत डोकावतो. पिस्तुलाच्या दारूने पुंगळी अर्धीही भरत नाही, त्यामुळे चुकून दोनदा घातली तरी ती मावते, आणि मग हातातलं हत्यारच फुटतं. दारू पडलीच नाही तर फुसका बार होतो: टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर तिथेच थांबायचं, कारण मागून दुसरी झाडली तर नळी फाटते. काम चालू असताना रेडिओ बंद, फोन घरात. संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याचा ग्लासही धरायचा नाही. शिसं पोटात गेलं की सहजासहजी बाहेर पडत नाही.

गंमत अशी की पुतण्याचं पहिलं हत्यार ग्लॉक पिस्तूल होतं आणि त्यात या गोळ्या चालत नाहीत. नळीच्या खास घडणीमुळे आवरण नसलेल्या शिशाच्या गोळ्या वापरू नका, असं ती कंपनीच सांगते. तांब्याचं आवरण असलेली गोळी हवी. म्हणून त्याने .38 चा रिव्हॉल्व्हर घेतला. ओतकामाच्या हौसेने हत्यार ठरवलं.

हिंगोलीला परतल्यावर हे सगळं दादाला सांगितलं. त्याने मधेच विचारलं, "पुंगळ्या मोजून ठेवतो का तो?"

दादाचं सगळं शास्त्र या प्रश्नात आहे. चांदमारीला जाताना राउंड मोजून द्यायचे, परतताना पुंगळ्या मोजून घ्यायच्या. एक कमी भरली तर जवान गवतात ओळीने वाकून शोधत बसत, आणि ती सापडेपर्यंत गाडी हलत नसे. पितळी पुंगळीच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं, म्हणजे खडकीचा माल. तिथला कारखाना 2021 पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावला 1964 चा दुसरा कारखाना आहे. आपल्याकडे गोळी ओतायची, पुंगळी ओढायची, टोपी भरायची ती अशा ठिकाणी. परवान्याशिवाय कुणी घरात काडतूस बनवलं तर 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान 7 वर्षांची शिक्षा. ह्यूस्टनमधला रविवारचा छंद हिंगोलीत जन्मठेपेपर्यंत नेऊ शकतो.

हिंगोलीला गोळीबार काही नवा नाही. इथे निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती; 1903 मध्ये ती फौज भारतीय लष्करात सामावली गेली. इतक्या वर्षांच्या छावणीने गावाला बंदुकीचं वेड लावलं नाही, हे मला बरं वाटतं. इथे परवाना मागतो तो एखादा व्यापारी नाहीतर रानडुकरांना वैतागलेला शेतकरी, आणि हातात मावणारं हत्यार मागणारे सल्ल्याला दादाकडे येतात.

सामान्य माणसाला 9 एमएम मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. उरतं ते बहुतेक .32: कानपूरचा सहा गोळ्यांचा रिव्हॉल्व्हर किंवा सरकारी कारखान्याचंच पिस्तूल. दादाचा कौल ठरलेला, रिव्हॉल्व्हर. एक काडतूस उडालंच नाही तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं घर आपोआप समोर येतं. पिस्तुलात तेच काडतूस हाताने मागे ओढून काढावं लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला तेवढंच सुचत नाही. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं समजून लोक नळीतली गोळी विसरतात; रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडलं की सहाच्या सहा घरं डोळ्यांसमोर. आणि शेवटचं कारण खास दादाचं: पिस्तूल पुंगळी उजवीकडे कुठेतरी भिरकावतं, रिव्हॉल्व्हर ती पोटात धरून ठेवतो.

पुतण्याने फोनवर हुज्जत घातली. "बाबा, पिस्तुलात गोळ्या जास्त, मॅगझिन बदलायला दोन सेकंद, चापही हलका." दादा म्हणाला, "ज्याला दर आठवड्याला झाडायचंय त्यानं घ्यावं की. इथला माणूस वर्षभर ते कपाटात ठेवणार." पोलीस अधिकारी रिव्हॉल्व्हरकडून 9 एमएम पिस्तुलाकडे गेले तेही योग्यच, असं तो मानतो, कारण त्यांच्या मागे सराव आहे, आर्मोरर आहे. सरावाशिवाय पिस्तूल घेणं त्याला मान्य नाही.

मला दोघांचंही पटतं, पण हिंगोलीपुरता दादा बरोबर आहे. परवान्यासाठी अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा, पोलिसांची चौकशी होते, आणि मिळालाच तर काडतुसं किती घ्यायची तेही त्यावर लिहिलेलं असतं. पुढे निवडणूक लागली की रिव्हॉल्व्हर असो वा पिस्तूल, अनेकांना ते पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते.