हान नदी तपकिरी का होते?

चीनमधली हान नदी वुहान शहरात यांगत्सेला मिळते. १९९२ साली हिवाळा सरताना तिच्या खालच्या टप्प्यातले पाणी तपकिरी झाले. कारण होते डायटम, म्हणजे थंडीतही फोफावणारे सूक्ष्म शेवाळ.

शेते आणि गटारांतून आलेले नायट्रोजन-फॉस्फरस हे त्याचे खाद्य. पण नुसत्या खाद्यावर ते माजत नाही. पाणी वेगाने वाहत असले, की पेशी वाढण्याआधीच वाहून जातात. प्रवाह मंदावला, की त्यांना हवी ती सवड मिळते. यांगत्सेची पातळी चढली, तर हानचे पाणी मुखाशी तुंबते, तेही शेवाळाच्या पथ्यावरच.

डिसेंबर २०१४मध्ये याच नदीवरच्या दानजियांगकौ धरणाचे पाणी कालव्याने बीजिंगकडे निघाले. राजधानीची तहान भागली, खालच्या पात्राचा वाटा घटला.

सरकारला हे ठाऊक होते. म्हणून त्याच वर्षी ६७ किलोमीटरचा कालवा काढून यांगत्सेचे पाणी हानमध्ये सोडले गेले. उपाय योग्य, पण अपुरा: ते पाणीही फॉस्फरस घेऊनच येते. २०१८च्या फेब्रुवारीत हान पुन्हा तपकिरी झाली.